रविवारचा आनंद सोमवारी कुठे जातो?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, तरी चौघांच्या मनात जवळजवळ एकच आहे: प्रभूवर विश्वास आहे, मग रोजच्या दिवसात आनंद का जाणवत नाही? आणि जाणवला, तर तो घ्यावा का? नावं छापू नका अशी सगळ्यांचीच विनंती होती.

प्रश्न : सलाम बाई. मी तालुक्याच्या गावी राहते. नवरा खाजगी बसवर ड्रायव्हर, दोन मुलं शाळेत, सासूबाई अंथरुणावर. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही पहाटे. जानेवारीत आमच्या मंडळीत तीन दिवसांची उज्जीवन सभा झाली. गाणी, साक्षी, टाळ्या! इतकं भरून आलं होतं की घरी येतानाही मी गात होते. सोमवारी पहाटे चारला नळाखाली हंडा लावला आणि सगळं ओसरलं. आता उपासनेत ओठ हलतात, मन हलत नाही. माझा विश्वासच खोटा होता का? मला लेकीसारखी समजून सांगा.
– एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : लेकी, तुझा विश्वास तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. पहाटे चारला उठून सासूबाईंसाठी पाणी भरणारी बाई विश्वास खोटा आहे का म्हणून विचारते, याचंच मला वाईट वाटलं.

सभेतला आनंदही खरा होता. त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण त्या तीन दिवसांत आणखी काय काय झालं ते आठव. जेवण मांडवात होतं, म्हणजे तुझी चूल बंद होती. शेजारी बायका बसल्या होत्या, कोणीतरी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. घशाला गाणं मिळालं, पाठीला टेका मिळाला. देव हे सगळं वापरतो. मग सोमवारी यातलं एकही राहिलं नाही आणि तू एकटी नळाशी उभी राहिलीस. एवढं सगळं काढून घेतल्यावर मन उतरलं, तर त्यात विश्वासाची परीक्षा कुठे आली?

आपल्या मनात एक समज पक्का बसला आहे, की आनंद सभेत राहतो आणि तिथून तो पिशवीत घालून घरी आणायचा असतो. शुभवर्तमानं वाचताना मला तसं दिसत नाही. योहानाच्या दुसऱ्या अध्यायातलं काना गावचं लग्न काढ. द्राक्षारस संपला. तिथे सहा दगडी रांजण होते. एकेका रांजणात आजच्या हिशेबाने पाऊणशे ते सव्वाशे लिटर पाणी मावत असावं, म्हणजे सगळे मिळून गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीएवढं सहज. येशूने सांगितलं, रांजण पाण्याने भरा. नळ नव्हता. कुणीतरी विहिरीवरून एवढं पाणी शेंदून, वाहून आणलं असणार, आणि योहान सांगतो की त्यांनी रांजण काठोकाठ भरले. आत वाजंत्री, पंगती, आणि हे मागच्या दाराने खेपा घालत होते. पुढे भोजनकारभाऱ्याने चव घेतली तेव्हा हा द्राक्षारस कुठून आला ते त्याला कळलं नाही. नवरदेवालाही ठाऊक नव्हतं. पण पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं, हे योहान मुद्दाम लिहितो. प्रभूच्या पहिल्या चिन्हाचं गुपित कारभाऱ्याच्या आधी कळलं ते पाणी भरणाऱ्यांना. माझ्या मुलींना मी शाळेत हा भाग शिकवायचे तेव्हा या वाक्याशी थांबायचे, आणि मुलींचे चेहरे बघायचे. निम्म्या मुली सकाळी पाणी भरूनच आलेल्या असायच्या.

आता त्याच पुस्तकाचा एकविसावा अध्याय. पुनरुत्थान झालं आहे. जगातली सगळ्यात मोठी बातमी शिष्यांना कळलेली आहे, त्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. रात्रभर जाळी टाकली, काही मिळालं नाही. म्हणजे पुनरुत्थान पाहिलेल्यांनाही रिकामी रात्र आली, हे आधी लक्षात घे. उजाडताना किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. मरणाला जिंकून आलेला देवाचा पुत्र कोळसे पेटवून, मासळी भाजून, दमलेल्या माणसांची वाट बघत बसला होता. मला पुनरुत्थानाच्या सगळ्या हकिकतींत ही जास्त आवडते. आणि जाळ्यातले मासे कुणीतरी मोजलेही: एकशे त्रेपन्न. काम थांबलं नाही, कामाच्या जागीच तो भेटला.

म्हणून तुझ्या सोमवारबद्दल मला वेगळीच आशा वाटते. पण आशा नुसती सांगून भागत नाही, पहाटे चारला काय करायचं ते सांगते.

एक गीत निवड आणि ते पाणी भरण्याच्या कामाला देऊन टाक. मन लागो न लागो, हंडा लावला की ते म्हणायचं. आपल्याकडे याची जुनी वाट आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरला राहून त्यांनी ख्रिस्ती गीतं रचली, आणि त्यासाठी अभंग, ओवी, कीर्तन ही आपल्या घरातली रूपं घेतली. त्यामुळे आमच्या मिशन कंपाउंडातल्या बायकांना प्रभूचं गाणं दळताना, धुणं धुताना म्हणता आलं; त्याला ना पेटी लागली, ना व्यासपीठ. माझी आई जेमतेम वाचायची, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी टिळकांचं पद असायचं. ती फार हसरी बाई होती असं नाही. कष्टाने चेहरा ओढलेला असायचा. पण तिचं गाणं ऐकून आम्ही भावंडं जागी व्हायचो आणि घर कोणाचं आहे ते आम्हाला न सांगता कळायचं.

दुसरं, धन्यवाद नेमका म्हण. ‘सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद’ हे उपासनेत ठीक आहे. घरात मात्र वस्तूचं नाव घेऊन म्हणायचं. आज पाणी गढूळ आलं नाही. सासूबाईंनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. धाकट्याने दप्तर स्वतः भरलं. रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने असं एक सांगायचं, मुलांनीही. मुलं पहिल्या दिवशी लाजतील, मग त्यांना आवरावं लागेल.

तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईचं एक नाणं हरवलं. तिने दिवा लावला, घर झाडलं, मन लावून शोधलं, आणि सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना हाका मारल्या, की माझ्याबरोबर आनंद करा. नाणं एकच, पण आनंदाला गल्ली गोळा झाली. तुझ्या पत्रात मला एकही मैत्रीण दिसली नाही. सभेत तुला आनंद झाला त्याचं अर्धं कारण तिथे शेजारी माणसं होती हे आहे, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा एक शेजारीण गाठ. ती ख्रिस्तीच असली पाहिजे असं नाही. चहा ठेव, काय सापडलं ते सांग, तिचंही ऐक.

आणि मंडळीतल्या स्त्रियांच्या संघाला उघड सांग, की आठवड्यातून एक दुपार सासूबाईंजवळ कुणीतरी बसा. हे मागायला लाजू नकोस, मंडळी त्यासाठीच असते. पहाटेच्या पाण्यालाही मुलांना उठव. नवरा घरी असेल त्या दिवशी त्यालाही उठव. सगळे हंडे तूच उचलायचे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

एक शेवटचं, आणि हे हलकं घेऊ नकोस. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल आणि असे आठवडे चालले असतील, तर डॉक्टरांकडे जा. अंगात रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडला असला तरी मन असं पडतं, आणि मनाचे आजारही आजारच आहेत, त्यांवर औषध आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, पैसे लागत नाहीत. तापाला गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला म्हणत नाही. इथेही म्हणू नकोस.

प्रश्न : मी मुंबईत अतिदक्षता विभागात नर्स आहे, बहुतेक रात्रपाळी. रात्री एखादा पेशंट जातो. त्याच्या नातेवाइकांचं रडणं कानात असतं, आणि सकाळी ड्युटी सुटल्यावर मी मैत्रिणींबरोबर वडापाव खाते, हसते. मग लाज वाटते. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असं म्हणणाऱ्यांनी अशी रात्र पाहिली असेल का?
– एक परिचारिका

उत्तर : सिस्टर, ज्याने ते लिहिलं त्याने पाहिली होती. फिलिप्पैकरांना पत्र लिहिताना पौल कैदेत होता. चारच अध्यायांचं पत्र, पण आनंद त्यात पुन्हा पुन्हा येतो. आणि ते वाचणाऱ्यांना त्याची जुनी हकिकत ठाऊक होती. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पाहा. त्याच फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, स्तोत्रं गात होते, आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते.

या प्रसंगातला भूकंप सगळ्यांच्या लक्षात राहतो. तुम्ही नर्स आहात म्हणून त्यानंतरचं सांगते. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने रात्रीच्या त्याच घटकेला त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्यांना घरी नेलं, पुढे जेवण वाढलं, आणि त्याच्या सगळ्या घराला आनंद झाला. जखमा धुणं, अन्न वाढणं आणि हर्ष, सगळं एका रात्रीत. पुढे ते पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा तो अधिकारी तिथे बसलेला असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. असेल तर ‘आनंद करा’ ऐकताना त्याला आपल्या हातांनी धुतलेली ती पाठ आठवली असणार.

तुमच्या वडापावाचं म्हणाल, तर मरण पावलेल्या लाजरच्या कबरेपाशी येशू रडला आणि त्याला परत जिवंत केलं ते बेथानी गाव, आणि थोड्याच दिवसांनी तो पंगतीला बसला तेही बेथानीच. लाजरची बहीण मार्था वाढत होती, लाजर जेवत होता, आणि स्वतःचं मरण आठवड्यावर आलं आहे हे प्रभूला माहीत होतं. तो जेवला.

एवढं करा. पेशंट गेला की सगळं आवरताना, चादर ओढताना, त्याचं नाव घेऊन मनात प्रार्थना करा. नाव घ्या, बेड नंबर नको. त्याच्या माणसांनाही देवाच्या हाती द्या. मग ड्युटी सुटल्यावर मैत्रिणींबरोबर खा, हसा, गरम असेल तर दोन खा. दुसऱ्या रात्री त्याच वॉर्डात उभं राहायचं बळ त्यातूनच मिळतं. तुमच्या हसण्याने त्या माणसाचा अपमान होत नाही. त्याच्या शेवटच्या रात्री तुम्ही त्याच्यापाशी उभ्या होता.

प्रश्न : माझं वय ७२. यंदा श्रावणात पत्नी प्रभूकडे गेली. नाताळ जवळ आला आहे. मुलगा म्हणतो, यंदा तारा लावायचा नाही, फराळ करायचा नाही, लोक काय म्हणतील. पण तिला नाताळ फार आवडायचा. मला काहीच सुचत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, तारा लावा.

मुलाचं मन मला कळतं. त्याचीही आई गेली आहे, त्याला रागावू नका. पण त्याला बायबलमधल्या नहेम्याचा आठवा अध्याय वाचून दाखवा. नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, की जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. खिन्न होऊ नका, परमेश्वराचा आनंद हाच तुमचा आधार आहे. रडणाऱ्या माणसांनाच हे सांगितलं होतं. मला त्यातलं वाटे पाठवणं फार महत्त्वाचं वाटतं. दिवाळीत शेजाऱ्यांकडून तुमच्या घरी ताट आलं असेल. ते नाताळात परत जायला हवं. करंज्या घरी होत नसतील तर गल्लीतल्या बचत गटाकडून घ्या, पण ताटावर रुमाल घालून स्वतः घेऊन जा. दार उघडणारी शेजारीण तुमच्या पत्नीची आठवण काढेल. काढू द्या, आणि दोन मिनिटं तिथे बसा.

आणखी एक. नाताळात गाणी गात घरोघर फिरणारी तरुण मंडळी दुःखाचं घर आलं की आदराने पुढे जातात. त्यांना आधीच निरोप द्या, की आमच्याकडे थांबा. तिचं आवडतं गीत कोणतं तेही सांगून ठेवा. मध्येच आवरेनासं झालं तर आत निघून जा. ते गातील, तुम्ही आतून ऐका. येशूही पकडला जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन मग जैतुनांच्या डोंगराकडे निघाला. वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सुटकेच्या सणाच्या, जेवणानंतर म्हणण्याच्या स्तोत्रांत एकशे अठरावंही असतं, परमेश्वराने नेमलेल्या दिवसात आनंद करू असं म्हणणारं. त्या रात्री ते म्हटलं गेलं असेल, तर ते कोणी आणि कशाच्या तोंडावर म्हटलं याचा विचार करा.

कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरं केलं. त्यांना औपचारिक शिक्षण नव्हतं, मुळाक्षरं लग्नानंतर गिरवलेली. नवऱ्याचं काम हाती घेतल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण त्यांनी ते हाती घेतलं. तुमच्या पत्नीच्या हातून काय अपुरं राहिलं आहे? एखादी कुंडी, नातवाचा विणायला घेतलेला स्वेटर, कुणा गरजू मुलीची शाळेची फी? यंदाच्या नाताळात मुलगा आणि तुम्ही दोघं बसून ते शोधा, आणि हाती घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. मला संडे स्कूलपेक्षा क्रिकेटमध्ये जास्त मजा येते. आमच्या टीचर म्हणतात की खरा आनंद फक्त प्रभूमध्ये असतो. मग मी पापी आहे का? मॅच रविवारी सकाळीच असते.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : बाळा, तू सांगलीचा, आणि हे मला विचारतोस? विजय हजारे तुझ्याच गावचे. मराठी ख्रिस्ती घरातले. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कप्तान तेच होते. धावण्यासाठी पाय, चेंडू ओळखायला डोळे आणि कव्हर ड्राइव्ह नीट बसल्यावर छातीत उठणारी ती लाट, हे सगळं देवानेच दिलं आहे. टीचरचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ मी असा घेते, की मजा आली की ती ज्याने दिली त्याला सांगायची. चौकार गेला, मनात म्हण, प्रभू, बघितलंस ना? ही प्रार्थनाच आहे.

आता हजाऱ्यांची एक गोष्ट सांगते, ती टीचरनाही सांग. १९४३च्या डिसेंबरात मुंबईला ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना होता, हिंदू संघाविरुद्ध ‘शेष’ संघ, म्हणजे ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा. त्या काळी धर्मावरून संघ पाडत, ते काही चांगलं नव्हतं. शेष संघाच्या दुसऱ्या डावात विजय हजाऱ्यांनी ३०९ धावा केल्या. सगळ्या संघाच्या मिळून ३८७. संघ तरीही हरला. पण मला त्यातले विवेक हजारे जास्त आवडतात, विजयरावांचे भाऊ. पाच गडी बाद झाल्यावर ते आले, आणि दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेकरावांच्या धावा २१. तासन्‌तास दुसऱ्या टोकाला उभं राहून ते भावाचा खेळ बघत होते आणि स्वतःची विकेट जपत होते. दुसऱ्याचं चांगलं होताना आपल्याला तसं उभं राहता येणं, यात फार मोठा आनंद आहे. पौल रोमकरांना लिहितो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा. मैदानावर हे शिकता येतं.

तेव्हा खेळ. तुमच्या संघात कुणीतरी असेल, ज्याची बॅटिंग कधी येतच नाही. पुढच्या सामन्यात त्याला वर पाठवा असं कप्तानाला तू सांग. आणि सगळ्या मुलांनी मिळून पाळकसाहेबांना भेटा. सामना नऊऐवजी अकराला ठेवला तर उपासनाही होईल आणि खेळही. टीचरना बघायला बोलवा. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची ठेवा, आणि स्कोअर लिहायचं काम त्यांच्याकडेच द्या.